ऊन, उक्ते आणि उष्माघात

(नाशिक येथे शेतमजूर व बांधकाम कामगार यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



नाशिकची ख्याती थंड हवेचा जिल्हा अशी आहे. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की वृत्तपत्रे ती बातमी ठळकपणे देतात आणि थंडीने द्राक्षमण्यांना तडे जातील काय, याची चिंता पार मुंबईपर्यंत पोचते. त्याच निफाडच्या शिवारात एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा काढणाऱ्या बाईच्या देहाला किती झळ लागते, हे मात्र कोणी मोजत नाही. मण्याचा तडा दिसतो, त्याला बाजारभाव असतो. माणसाच्या आत पडणारा तडा दिसत नाही. सायंकाळी ती बाई पिकअपमधून पेठ-सुरगाण्याकडे परतते आणि रात्री पाड्यावर तिला ‘ऊन बाधले’ एवढीच नोंद होते, तीही तोंडी.

उष्माघात ही निसर्गाची अवकृपा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. सूर्य सर्वांवर सारखाच तळपतो. परंतु दुपारी दोन वाजता कोण त्याच्याखाली वाकलेला असेल आणि त्याला क्षणभर सावलीत बसण्याची मुभा असेल की नसेल, हे सूर्य ठरवत नाही. ते मजुरीची पद्धत ठरवते. आजच्या विषयाचे मर्म येथे आहे.

प्रथम एका सार्वजनिक घटनेची आठवण करणे योग्य होईल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर भरला. लाखोंचा समुदाय सकाळपासून उन्हात बसून होता. व्यासपीठावर छत होते, श्रोत्यांवर नव्हते. त्या सोहळ्यातील उष्माघाताच्या बळींची संख्या अखेरीस १४ वर गेली. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातील माणूस या आकड्याला ऊन म्हणणारसुद्धा नाही. तरीही माणसे गेली. कारण मारते ते केवळ तापमान नव्हे. हवेतील दमटपणा, थेट ऊन, वारा पडलेला असणे आणि शरीराची स्थिती, या सर्वांचा तो गुणाकार असतो. म्हणूनच हवामान खाते सपाट प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनारपट्टीवर ३७ पासूनच. खारघरला तर माणसे नुसती बसली होती. जो खोदतो, वाहतो, वाकतो, त्याच्या देहात बाहेरच्या उन्हाबरोबर आतलीही भट्टी पेटलेली असते. स्नायू जी शक्ती खर्च करतात तिच्यापैकी फार तर पाचवा-चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरतो. उरलेल्या साऱ्या शक्तीची उष्णता होते.

ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि तोही वाळणारा घाम. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोकणात हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आपल्याकडे याच्या उलट स्थिती असते. एप्रिलची कोरडी हवा घाम तत्क्षणी पिऊन टाकते, अंग कोरडे भासते आणि आपण फारसे घामाघूम झालो नाही असा भ्रम होतो. भर उन्हातल्या अंगमेहनतीत तासाला एक लिटर पाणी सहज जाते. मालेगावच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत खडी पसरणारा मजूर दिवसाकाठी एखादी कळशी रिकामी करतो; ती त्याच्या अंगातली कळशी असते.

लोकभाषेला यातले बरेच ठाऊक आहे. ‘उन्हाळी लागली’ असे आपल्या आयाबाया म्हणतात, ती उन्हाची अगदी आरंभीची सूचना होय. लघवी कमी होते, गडद होते, जळजळते. पुढची पायरी म्हणजे पोटऱ्यांत व पोटात गोळे येणे. त्यानंतर डोके दुखणे, मळमळ, घेरी, अंग गळून जाणे, नाडी जलद चालणे. येथवर माणूस सावलीत नेला, त्याला पाणी व मीठ-साखर मिळाली आणि पुरेशी विश्रांती मिळाली तर तो सावरतो. मात्र त्याला त्याच दिवशी पुन्हा कामाला जुंपू नये. यापलीकडे जी सीमा आहे ती ओलांडली की प्रश्न काही मिनिटांचा होतो. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदू बिघडू लागतो. हाच उष्माघात.

येथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. उष्माघात झालेल्याला आपल्याला तो झाला आहे हे कळत नाही, कारण कळण्याचे साधनच प्रथम निकामी होते. तो चिडतो, असंबद्ध बोलतो, तोल जाऊन चालतो, हातातले विळे-फावडे सोडत नाही, ‘मला काही झालेले नाही’ म्हणून हुज्जत घालतो. आजूबाजूचे म्हणतात, सकाळीच घेऊन आलेला दिसतो! दारुड्या समजून झाडाखाली टाकून दिलेला माणूस तासाभराने हलवायला जावे तो गेलेला असतो. तेव्हा संशय येताच त्याला विचारावे: तुझे नाव काय, गाव कोणते, आज कोणाच्या शेतात आलास? उत्तर अडखळले, भलतेच आले किंवा आलेच नाही, की पुढची चर्चा बंद करावी. दुसरा एक गैरसमज असा की उष्माघातात अंग कोरडे पडलेच पाहिजे. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत बहुधा तसे घडते. राबणारा तरुण मात्र घामाने निथळत असतानाही उष्माघाताने कोसळू शकतो. घाम आहे म्हणजे धोका नाही, असे समजणे प्राणावर बेतते.

अशा वेळी सूत्र एकच: आधी गार करा, मग गाडीत घाला. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावाच; पण गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नये. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचे तापमान खाली आले तर माणूस बहुतेक वाचतो. त्याला सावलीत आडवे करावे, जादा कपडे काढावेत, ताडपत्रीवर घेऊन तिच्या कडा चौघांनी उचलून धराव्यात आणि त्या खोळीत गार पाणी ओतावे. बर्फ मिळाला तर मान, काखा व जांघा येथे ठेवावा, सतत वारा घालावा. द्राक्षबागेत पाण्याची मोटार आहे, शेततळे आहे, ताडपत्री तर प्रत्येक बांधावर असते. फवारणीच्या टाकीतले पाणी मात्र वापरू नये; तिच्यात औषधाचा अंश असतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप रोगाचा नव्हे. आणि खिशात कांदा बाळगल्याने ऊन बाधत नाही ही समजूत खरी असती, तर लासलगावच्या परिसरात एकाही माणसाला ऊन बाधायला नको होते.

प्रतिबंधाचे शास्त्रही अवघड नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. घाम फार जात असेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक व कैरीचे पन्हे हेही उत्तम. जवळ सावली. तासागणिक विश्रांती. आणि नव्या माणसाला सांभाळून घेणे. या शेवटच्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष नसते. शरीर उन्हाला सरावते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. उन्हातल्या कामावर दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतच बळी पडलेल्यांचे प्रमाण फार मोठे असते. म्हणून नव्या मजुराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तितकेच वाढवत न्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. आजारातून उठून आलेल्यालाही हाच नियम लागू.

हे ज्ञान आले कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. उन्हाला सरावण्याचे पद्धतशीर प्रयोग १९३० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत झाले, कारण खोल खाणीत मजूर मरू लागले की सोने थांबत असे. ओल्या फडक्याचा तापमापक, उन्हातल्या काळ्या गोळ्याचा तापमापक आणि साधा तापमापक या तिन्हींचा मेळ घालून धोक्याचा एकच आकडा काढण्याची रीत १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौसैनिकांच्या शिक्षण-छावण्यांत बसवली गेली. खाणमालकाला आणि सेनापतीला मजुराच्या व शिपायाच्या घामाचे मोल कळले, कारण त्यांची जागा भरून काढणे त्यांना महाग पडत होते. पिंपळगाव-दिंडोरीच्या मजूर अड्ड्यावर रोज पहाटे माणसे उभीच असतात. एक पडला तर दुसरा आहे. ज्ञान सत्तर वर्षे उपलब्ध असून ते या शिवारात का उतरले नाही, याचे उत्तर या अड्ड्यावर मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाणी प्या, विश्रांती घ्या, असा उपदेश दरवर्षी भिंतीपत्रकांतून केला जातो. ज्याला महिन्याचा पगार आहे, त्याने तो पाळावा. पण कांद्याची काढणी व पात कापणी बहुधा एकराच्या उक्त्या दराने होते. टोळी जितके आवरील तितके पैसे. द्राक्षबागेतही तोच प्रकार. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि जो मांडव हिवाळ्यात गर्द सावली धरून होता तो उघडाबोडका होतो. नेमक्या त्याच दिवसांत छाटणीची आणि पुढे फुटींच्या विरळणीची कामे हात वर करून, मान ताणून करावी लागतात. शेतीशास्त्राच्या दृष्टीने छाटणी वेळेवर होणे योग्यच. वेलीला तिचे वेळापत्रक आहे. त्या वेळापत्रकात माणसाच्या देहाला जागा कोठे ठेवायची, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नाही.

साधे गणित करून पाहू. आठ तासांच्या कामात दर तासाला पंधरा मिनिटे विश्रांती घेतली तर दोन तास जातात. रोजंदारी असेल तर त्या दोन तासांचा भार मालकावर पडतो. उक्ते असेल तर टोळीची चौथाई कमाई बुडते. म्हणजे ‘विश्रांती घ्या’ या सल्ल्याचा खरा अर्थ ‘चौथाई मजुरी सोडा’ असा होतो, आणि ज्या घरात त्या मजुरीवर संध्याकाळचे पीठ येते ते घर हा सल्ला मानणार नाही. टोळीतला एक जण बसला की उरलेले त्याच्याकडे डोळे वटारून पाहतात. मुकादमाला ओरडावेच लागत नाही. हीच उक्त्याची करामत आहे. देखरेख मजुराच्याच मनात बसवलेली असते. तीच कमाई राखून चौथाई वेळ विश्रांती द्यायची तर उक्ता दर एक-तृतीयांशाने वाढवावा लागतो. प्रत्यक्षात इतकाही लागणार नाही, कारण विसावा घेतलेला हात अधिक वेगाने चालतो.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, तर आंध्र प्रदेश व तेलंगण यांचे उदाहरण द्यावे लागेल. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील कामांवर त्या राज्यांनी उन्हाळी भत्त्याची पद्धत पाडली होती. फेब्रुवारीपासून तो भत्ता चढत जाई आणि एप्रिल-मे महिन्यांत ३० टक्क्यांवर पोचे. मोजमापात काम तेवढे कमी भरले तरी मजुरी पूर्ण. वर काढलेल्या गणिताच्या अगदी जवळ जाणारा हा आकडा आहे.

या बाबतीत महाराष्ट्राने मागे राहावे, ही खेदाची गोष्ट होय. उन्हाळ्यातील सार्वजनिक कामांचा महाराष्ट्राइतका मोठा अनुभव क्वचितच कोणा राज्याला असेल. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि हातात खडी फोडण्याचा हातोडा होता. त्या घामातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा उभा राहिला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, मुलांची सोय आणि प्रथमोपचार हव्यात, हे तत्त्व त्या योजनेने मान्य केले आणि पुढे देशाच्या कायद्यातही ते आले. पण मजुरी मोजमापाशीच बांधलेली राहिली. खड्ड्याचे घनमीटर मोजताना महिना जानेवारी आहे की मे, हे मोजपट्टीला कळत नाही.

कायद्याची दुसरी त्रुटी अशी की तो दीर्घ काळ छपरापर्यंतच पोचला. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उन्हाळ्यात गार पाणी पुरवण्याची सक्ती होती. तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेत मुरला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कामगाराला अशा तरतुदींचा थोडाफार आधार मिळाला. बांधावरच्या मजुराला तेवढाही नाही. केरळचे कामगार खाते दर उन्हाळ्यात आदेश काढून दुपारी बारा ते तीन उन्हातली कामे बंद ठेवते. कतारने २०२१ मध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरील काम थांबवले, आणि वर सांगितलेला तिहेरी तापमापकाचा आकडा ३२.१ च्या पुढे गेला तर कोणत्याही वेळी काम बंद करण्याचा नियम केला. ज्या देशात स्वतंत्र कामगार संघटनांना पुरता वाव नाही, तेथे जगभरच्या टीकेमुळे जे झाले, ते लोकशाही महाराष्ट्रात आपणहून व्हायला हरकत नसावी.

तथापि दुपारची सुट्टी म्हणजे पहाटेचा आरंभ, हे विसरून चालणार नाही. सहाला काम सुरू करायचे तर पेठ-सुरगाण्याहून पिकअप चारला निघणार, म्हणजे बाईने भाकरी तीनला थापायच्या. पुरुषाच्या दृष्टीने जी सोय, ती तिच्या झोपेतून वजा होते, आणि अपुरी झोप हेही उष्माघाताचे एक कारण आहे. दुसरे एक कारण बोलायला संकोच वाटतो म्हणून अहवालांत येत नाही. शेतावर आडोसा नसतो, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. बांधावर भरलेला माठ ठेवून मालक निश्चिंत होतो. तो माठ संध्याकाळी निम्मा का उरला, हे त्याला कळत नाही. शौचालयाविना पाणी ही अर्धी सोय आहे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मजुरी वाढवायची तर ती देणार कोण? या जिल्ह्यातला दोन-चार एकरांचा कांदा उत्पादक काही जमीनदार नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा त्याचे काय झाले हे सर्वांनी पाहिले आहे. शिवाय तो स्वतःही त्याच उन्हात, त्याच वाफ्यात वाकलेला असतो. त्याला शत्रू ठरवून ही लढाई जिंकता येणार नाही. निर्यातीच्या द्राक्षांची मोठी बाग, महामार्गाचा कंत्राटदार आणि कोरडवाहू शेतकरी यांना एका मापाने मोजू नये. जेथे नफा आहे तेथे तो भार नफ्यावर टाकावा. जेथे सरकारी पैसा आहे तेथे तो निविदेतच लिहावा. लहान शेतकऱ्याच्या बांधावर मात्र फिरती सावली, पाणी व आडोसा यांची सोय ग्रामपंचायतीने किंवा बाजार समितीने करावी, ही मागणी अवाजवी नाही.

उलट बाजूने विम्याचा मार्ग पुढे येत आहे. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने २०२३ पासून श्रमिक स्त्रियांसाठी असा विमा आणला की तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पंचनाम्याविना पैसे खात्यात जमा व्हावेत. प्रयोग स्तुत्य आहे. बाईला घरी बसण्याचे थोडे बळ त्यातून मिळते. पण ऊन सोसायला लावणारा मोकळाच राहतो आणि उन्हाची किंमत समाज किंवा देणगीदार मोजतो, हे विसरू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये असा अंदाज दिला होता की २०३० साली भारतातील कामाच्या एकूण तासांपैकी ५.८ टक्के उष्णतेमुळे वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके. अर्थशास्त्रज्ञांना असे आकडे आवडतात. त्यांत गृहीत असे की माणूस तापला की काम मंदावतो. उक्त्यावरचा माणूस मंदावत नाही, तो झिजतो. मध्य अमेरिकेतील तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या प्रमाणावर निकामी होताना आढळली, ती याच झिजेची खूण होय. तास वाया गेले नाहीत. ऊस वेळेवर कारखान्यात पोचला.

मरणाची नोंद हा आणखी एक प्रश्न. उष्माघाताने किती मेले, याचे आपल्याकडील निरनिराळ्या सरकारी खात्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले जाते, आणि हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ पर्यंत चढला. पुढे संशोधकांनी त्या महिन्यातील सर्व कारणांचे मृत्यू २००९ व २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. त्यातून त्या शहराची २०१३ ची उष्णता कृती योजना जन्मली. हीच रीत वापरायला प्रयोगशाळा लागत नाही. ग्रामपंचायतीचे मृत्यू-नोंदणीचे पुस्तक पाच वर्षांचे मे महिने काढून वाचले तरी पुष्कळ उलगडा होईल. हे काम कोणत्याही तालुक्याचा कार्यकर्ता करू शकतो.

भरपाईच्या बाबतीतही ‘ऊन ही दैवी आपत्ती’ हा युक्तिवाद ऐकून घेऊ नये. जहाजाच्या भट्टीपाशी राबताना उष्माघाताने मेलेल्या कामगाराचा मृत्यू हा कामावरील अपघातच होय, असा निर्णय इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०८ साली दिला होता. आपला १९२३ चा नुकसानभरपाई कायदा इंग्लंडच्याच कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. दावा टिकायला मात्र पुरावा लागतो: त्या दिवशी काम किती वाजता सुरू झाले, पाणी होते काय, अंगाला हात लावल्यावर कसे लागले, रुग्णालयात तापमान मोजले काय. हे त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवावे. महिन्याभराने साक्षीदार दुसऱ्या गावी काम करीत असतो.

जवळची संधी सिंहस्थाच्या कामांची आहे. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात रस्ते, पूल, घाट यांची कामे निघाली. ती सरकारी पैशाची कामे आहेत आणि उन्हाळ्यातही चालणारी आहेत. भाविकांच्या पायांना डांबराचे चटके बसू नयेत म्हणून योजना आखल्या जातात. त्या डांबरावर काम करणाऱ्यांच्या विसाव्याची अटही कंत्राटात असावी. उन्हाळ्यातील विश्रांतीच्या तासांची मजुरी, नव्या मजुराला पहिल्या आठवड्यात हलके काम, प्रत्येक कामावर ताडपत्री व बर्फाची पेटी, आणि हे नसेल तर देयक रोखण्याचा अधिकार, एवढ्या अटी पहिल्या निवेदनाला पुरेत.

शेतीतले उक्ते दर मात्र सरकार ठरवत नाही, ते टोळी आणि बागाईतदार ठरवतात, आणि काम सुरू होण्याआधी ठरवतात. काम सुरू झाल्यावर मजुराची बाजू लंगडी पडते. खरड छाटणी एप्रिलमध्ये लागते. तेव्हा दिंडोरी-निफाडच्या अड्ड्यांवरची बैठक मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी, आणि तिला मुकादमांच्या आधी टोळ्यांतल्या बायकांना बोलवायला हवे.